पत्र्यावरचा दगड खाली उतरवा!

माघ-फाल्गुनाचे दिवस येतात तेव्हा शेतात हरभरा आणि गहू उभा असतो. हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी चालू असते. घरातील बाया-माणसे पहाटेच कामावर जातात आणि मजुरीच्या चार पैशांवर उन्हाळ्यातील लग्नकार्याचे बेत रचले जातात. पावसाळा केव्हाच सरलेला असतो, म्हणून छपराकडे कोणाचेही लक्ष नसते. नेमक्या याच दिवसांत एखाद्या दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ काळवंडते, वारा थबकतो आणि मग असा सुटतो की वस्तीतील निम्मे पत्रे खडखडू लागतात. पाठोपाठ गारा येतात. अर्ध्या तासात सारे शांत होते, पण तेवढ्या वेळात कोणाच्या घरावरचे छप्पर गेलेले असते, कोणाचे डोके फुटलेले असते, तर कोणाची गाय लिंबाच्या झाडाखाली मरून पडलेली असते.

हे आता क्वचित घडणारे संकट राहिलेले नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांतील गारपीट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वेळी राज्यातील बहुतेक जिल्हे सापडले होते आणि शेतात गारांचा पांढरा थर साचलेला लोकांनी पाहिला. ११ फेब्रुवारी २०१८ ला मराठवाडा आणि विदर्भ पुन्हा झोडपून निघाला. २०२३ साली तर मार्च आणि एप्रिलमध्ये वादळी पाऊस झाला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा झाला. म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि हिवाळा सरताना एकदा, असे दोन हंगाम आता आपण गृहीत धरले पाहिजेत.

हिंगोली तालुक्यातील कयाधूकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांच्या नावाने सर्वदूर ओळखले जाणारे गाव. पण या गावात किंवा आसपासच्या कोणत्याही वस्तीत शिरताना मान वर करून पाहिले, तर दुसरीच एक गोष्ट डोळ्यांत भरते. पत्र्याच्या छपरांवर दगड ठेवलेले असतात. कुठे काळे धोंडे, कुठे विटा, कुठे जुने जाते, तर कुठे ट्रॅक्टरचा फाटका टायर. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून केलेली ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची तजवीज. आजचा हा लेख त्या दगडाविषयीच आहे.

हिमालयातला वारा आपल्या दारी

आपल्याकडची हिवाळी गारपीट आणि हिमालयातील बर्फाची वादळे यांचे नाते फार जवळचे आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले वाऱ्याचे झोत इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन थडकतात. हवामान खात्याच्या भाषेत त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड येथे त्यांच्यामुळे बर्फ पडतो. कधी कधी त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे सरकतो. वरच्या थरातील ती गार, कोरडी हवा आणि बंगालचा उपसागर किंवा अरबी समुद्राकडून आलेली दमट, उबदार हवा मध्य भारतावर भेटली की उंचच उंच ढग तयार होतात. खालची तापलेली हवा जोराने वर उसळते. ती पाण्याचे थेंब आपल्याबरोबर थेट गोठणबिंदूच्याही वर नेते. तेथे त्यांचा बर्फ होतो, त्यावर थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की तो गोळा खाली येतो. लिंबाएवढी गार ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने डोक्यावर आदळते. तिने माणूस दगावू शकतो, यात नवल नाही.

डोंगराळ मुलखातील माणसे या वादळांची तयारी दोन महिने आधीपासून करतात. हिमाचलातील लाहौलसारख्या भागात हिवाळ्यापूर्वी चारा, सरपण, धान्य घरात भरून ठेवतात आणि बर्फ पडला की छपरावर चढून तो लोटून काढतात. बर्फाळ घाटात जाणारा ट्रकवाला चाकाला बांधायच्या साखळ्या बरोबर घेतल्याशिवाय निघत नाही. त्यांचे वादळ ठरल्या हंगामात येते आणि महिनोन् महिने मुक्काम करते. आपले वादळ मात्र अर्ध्या तासाचे पाहुणे आहे, म्हणून आपण त्याची तयारीच करीत नाही. आपण फक्त दगड ठेवतो.

वाऱ्याचा हिशेब

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कारकून आहे, त्यामुळे थोडा हिशेब मांडतो. वाचकांनीही पेन्सिल घेऊन पडताळून पाहावा.

वारा पत्रा कसा उडवतो? आपल्याला वाटते, तो खालून घुसतो आणि पत्रा ढकलतो. ते खरे आहे, पण अर्धेच. छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वरच्या बाजूने ओढतही असतो. वारा ताशी साठ किलोमीटरचा असेल, तर ही ओढ दर चौरस फुटाला साधारण दीड किलो भरते. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ पस्तीस चौरस फूट. म्हणजे एका पत्र्यावर पन्नास-पंचावन्न किलोची ओढ आली. पत्र्याचे स्वतःचे वजन असते बारा-पंधरा किलो. वाऱ्याचा वेग ऐंशीवर गेला तर हीच ओढ जवळपास शंभर किलो, म्हणजे एक क्विंटल होते. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, ती चौपट होते. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांवर ती मधल्या भागापेक्षाही जास्त असते. म्हणूनच पत्रा नेहमी कोपऱ्यापासून उचकटतो.

आता पाच पत्र्यांची खोली घ्या. ऐंशीच्या वाऱ्यात हे पाच पत्रे नुसत्या दगडांच्या भाराने जागेवर ठेवायचे म्हटले, तर पत्र्यांचे वजन वजा जाता सव्वाचार क्विंटल दगड लागेल. आपण ठेवतो किती? एका पत्र्यावर एक-दोन धोंडे, फार तर वीस किलो. म्हणजे ज्या कामासाठी दगड ठेवला, ते काम तो खऱ्या वादळात करूच शकत नाही. रोजच्या वाऱ्यात पत्रा वाजू नये एवढाच त्याचा उपयोग. आणि पत्रा उडाला म्हणजे दगड घरंगळतो. तो अंगणात पडेल, शेजाऱ्याच्या दारात पडेल किंवा खाली निजलेल्या लेकरावर पडेल.

जमीनही हलते आहे

दगडाचा दुसरा धोका आपल्या जिल्ह्याला अलीकडे चांगलाच कळला आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी परिसर भूकंपाने हादरला. केंद्र कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूरच्या बाजूला होते आणि तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसराने तर जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकलेले आहेत. मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना आवाहन केले, ते हेच की, ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि त्या पत्र्यांवर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते काढून घ्यावेत.

या आवाहनामागे मराठवाड्याचा फार मोठा अनुभव उभा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा प्रचंड भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. माणसांना मारले ते डोक्यावरच्या वजनाने.

पण आवाहन ऐकून आपल्यासारख्या कुटुंबाची अवस्था काय होते? दगड काढला तर वादळात पत्रा जाईल, नाही काढला तर भूकंपात जीव जाईल. मग माणूस विचार करतो, वादळ तर दरवर्षी येते, भूकंपाचे पुढे पाहू. आणि दगड तिथेच राहतो. म्हणून नुसते "दगड काढा" असे सांगून भागत नाही. दगडाच्या जागी काय करायचे, तेही सांगितले पाहिजे.

दगडाच्या जागी हूक

उपाय साधा आहे. पत्रा दाबून धरायचा नाही, तो बांधून टाकायचा. त्यासाठी बाजारात जे-हूक मिळतात. हा इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवलेला लोखंडी बोल्ट असतो. त्याचे वाकडे टोक खालच्या आडव्या पाइपला किंवा बल्लीला अडकते आणि सरळ टोक पत्र्यातून वर येते. त्यावर डांबरी वायसर, लोखंडी वायसर आणि मग नट, या क्रमाने आवळायचे. भोक नेहमी पत्र्याच्या नाळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात कधीही नाही. खोलगट भागातून पाणी वाहते, तेथे भोक पाडले की घर गळलेच. खाली लोखंडी पाइप असेल तर मिस्त्री मशीनने थेट स्क्रू मारतात, तेही चालते. वायसर मात्र हवाच.

एका पत्र्याला चार आडव्या आधारांवर प्रत्येकी तीन, असे बारा हूक धरले, तर पाच पत्र्यांना साठ हूक होतात. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना दोन-चार जास्त द्यावेत. शंभर किलोची ओढ बारा जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला आठ-नऊ किलो येते. एवढे ओझे लोखंडी हूक सहज पेलतो. जे काम सव्वाचार क्विंटल दगडाने होत नाही, ते एका पिशवीत मावणारे साठ हूक करतात.

येथे एक सावधगिरी. पत्रा पाइपला बांधला, पण पाइप भिंतीवर नुसताच टेकवलेला असेल, तर वारा पाइपासकट सगळे छप्पर उचलून नेईल. म्हणून आडवे पाइप किंवा बल्ल्या भिंतीला जखडल्या पाहिजेत. विटांची भिंत असेल तर सळईचा तुकडा भिंतीत दोन-तीन फूट खोलवर सिमेंटने पक्का करून त्याचे वरचे टोक पाइपभोवती वाकवून घ्यावे. नवीन घरकुल बांधणाऱ्यांनी हे काम भिंत चढत असतानाच करून घ्यावे, नंतर फोडाफोडी नको. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना घरकुले मिळतात. ज्यांच्या घरकुलावर स्लॅबऐवजी पत्रा पडणार असेल, त्यांनी मिस्त्रीला हे आधीच बजावावे.

कुडाची किंवा मातीची भिंत असेल तर ती सळई धरणार नाही. अशा वेळी छपराच्या चारही कोपऱ्यांतून जाड तार किंवा नायलॉनचा दोर खाली आणून जमिनीत तिरप्या ठोकलेल्या लांब मेखेला ताणून बांधावा. मेख ठोकण्याइतकी जागा नसेल, तर खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती पोती तारेने छपराला बांधावीत आणि जमिनीलगत लोंबत ठेवावीत. ओझे तेच राहते, पण ते डोक्यावर नसून पायाशी असते. पडले तरी कोणाचा जीव घेत नाही. दोर मात्र उन्हाने कुजतो, म्हणून तो दरवर्षी बदलावा.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी आहेत. सावलीसाठी पत्रा भिंतीच्या फार बाहेर काढण्याची आपल्याला सवय असते. दीड फुटाच्या पुढचा भाग म्हणजे वाऱ्याच्या हाती दिलेले हँडल होय. पडवी मोठी हवी असेल तर तिचे छप्पर वेगळे करावे आणि खांबही वेगळे द्यावेत, म्हणजे पडवी गेली तरी घर राहते. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट माती-विटांनी बुजवावी. गंजून चाळण झालेला पत्रा हूक धरत नाही, भोकाभोवती फाटतो. तो आधी बदलावा. सिमेंटचे पत्रे गारांनी तडकतात, म्हणून गारपिटीच्या वेळी त्यांच्याखाली मुलांना बसवू नये. पलंग असेल तर मुलांना पलंगाखाली घ्यावे.

कोणता पत्रा सैल आहे, हे शोधायला इंजिनियर लागत नाही. रात्री वारा सुटला की कोणता पत्रा वाजतो, ते घरातल्या बाईला बरोबर ठाऊक असते. वाजणारा पत्रा हाच उद्या उडणारा पत्रा. तेव्हा मिस्त्री आला की भगिनींनी स्वयंपाकघरात न थांबता बाहेर येऊन तो पत्रा बोटाने दाखवावा.

झाड, तार आणि आडोसा

९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एका मंदिरापुढील पत्र्याच्या शेडवर जुनाट लिंबाचे झाड कोसळले. पावसापासून बचाव म्हणून शेडमध्ये उभ्या असलेल्या भाविकांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरात फलक कोसळून सतरा जण गेले. एक घटना खेड्यातली, दुसरी महानगरातली, पण धडा एकच आहे. वादळात आडोसा शोधताना आधी वर पाहावे. डोक्यावर झाड, फलक, टाकी किंवा सैल शेड असेल, तर तो आडोसा नव्हे.

घरावर आलेल्या झाडाच्या वाळक्या, पोखरलेल्या फांद्या हिवाळ्यातच छाटून घ्याव्यात. सार्वजनिक जागेतील झाड असेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. समाज मंदिर असो की बुद्ध विहार, पुढच्या पत्र्याच्या मंडपाची तपासणी जयंतीच्या तयारीत पहिल्या क्रमांकावर हवी. एप्रिल हा जयंतीचा महिना आहे, तसाच वादळी वाऱ्याचाही आहे. कापडी मंडप, कमानी, स्पीकरचे मनोरे नुसते पुरून उभे करू नयेत, त्यांना ताण द्यावा.

विजेच्या तारेकडे विशेष लक्ष द्यावे. खांबावरून घरात आलेली वायर पुष्कळदा पत्र्याच्या कडेवर टेकलेली असते. पत्रा वाऱ्याने हलतो, वायरचे आवरण घासून जाते आणि एके दिवशी सगळे छप्परच विजेने भारले जाते. वायर पत्र्यापासून दूर, पाइपमधून घ्यावी. वादळानंतर तार खाली पडलेली दिसली तर तिच्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नये आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

गाडी, टेम्पो, ट्रॉली

आपल्या वस्तीत आता मोटारसायकली आहेत, रिक्षा आहेत, एखाद्याचा कर्जावर घेतलेला टेम्पो आहे. वाहन हे त्या घराचे पोट असते. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी वाहन झाडाखाली, जुन्या भिंतीच्या कडेला किंवा सैल पत्र्याच्या शेडमध्ये लावू नये. मोटारसायकल मधल्या स्टँडवर, भिंतीच्या आडोशाला लावावी आणि दोराने खांबाला बांधावी. टेम्पो किंवा जीपच्या काचेवर वाकळ टाकून ती दोरीने घट्ट बांधली तर गारांचा मार पुष्कळ कमी होतो. पुढची काच दुहेरी असते, ती तडकते पण सहसा विखरत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचांचे मात्र बारीक तुकडे होतात. म्हणून गाडीत अडकलात तर काचांकडे पाठ करावी आणि डोक्यावर टॉवेल किंवा पिशवी धरावी.

वाटेत वादळाने गाठले तर मोटारसायकलवाल्याने "दहा मिनिटांत पोहोचतो" असे म्हणू नये. बाजूच्या वाऱ्याने दुचाकी सरळ दुसऱ्या गाडीपुढे ढकलली जाते. पक्क्या इमारतीत थांबावे. रिक्षाचे पडदे आणि टेम्पोची ताडपत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर उलटते. अशा वेळी वेग कमी करून, झाडे नसलेल्या जागी गाडी उभी करावी आणि दिवे चालू ठेवावेत.

आणि ट्रॉली. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात भगिनी गेल्या. ही घटना वादळाची म्हणून येथे सांगत नाही, तर ट्रॉलीत बसलेल्या माणसाच्या हाती काहीच नसते, हे त्यातून कळते म्हणून सांगतो. अवकाळी पावसानंतर आपली काळी जमीन साबणासारखी निसरडी होते आणि शिवारात कठडा नसलेल्या विहिरी असतात. अशा वाटेवर भगिनींनी ट्रॉलीतून उतरून चालत जावे. मुकादम रागावला तर रागावू द्यावा.

वीज आणि पायाळू

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज अजून गेलेला नाही. काही घरांतून पायाळू मुला-मुलीला ढग आले की कोंडून ठेवतात, मजुरीच्या टोळीत त्यांना वेगळे बसवतात. आईच्या पोटातून कोण पाय पुढे करून आले, हे विजेला कळत नाही. तिला कळते ते इतकेच की, आसपास सर्वांत उंच काय आहे. मोकळ्या रानात एकटे झाड, विजेचा खांब, उभा माणूस, यांच्यावर ती उतरते. म्हणून पायाळूला कोंडू नका, सर्वांनीच झाडाखालून निघा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे, तितक्या किलोमीटरवर वीज आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. चारही बाजूंनी बंद असलेल्या लोखंडी टपाच्या गाडीत माणूस सुरक्षित असतो. ते रबरी टायरमुळे नव्हे. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर, कापडी टपाची रिक्षा यांत हे संरक्षण नाही. पत्र्याच्या खोलीत असाल तर लोखंडी खांबाला किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकू नये आणि टीव्हीची पिन काढून ठेवावी. रानात काहीच आसरा नसेल तर एकमेकांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. गारांपासून डोके वाचवायला वेताचे टोपले किंवा दुमडलेले पोते धरावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहावे आणि १०८ ला फोन लावावा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजेची सूचना मोबाईलवर देते. हवामान खात्याचा इशारा रंगांत असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे आणि सकाळी बाया कामाला निघण्यापूर्वी वस्तीत सांगावे.

कागद कोरडे ठेवा

छप्पर गेले की पावसात पहिल्यांदा भिजतात ते कागद. शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला, शाळेचा दाखला, सातबारा आणि घराचा नमुना ८ हे सारे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावे. घराची नोंद नमुना ८ मध्ये आहे की नाही, हे आजच ग्रामपंचायतीत पाहून घ्यावे. कारण मदत मागायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे निकष ठरलेले असतात. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत मृत व्यक्तीच्या वारसांना ४ लाख रुपये, सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, किमान पंधरा टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,००० आणि झोपडीला ८,००० रुपये होते. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० आणि शेळीला ४,००० रुपये होते. वीज पडून झालेला मृत्यूही राज्यात नैसर्गिक आपत्तीत धरला जातो. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन झालेले असावे लागते.

हे आकडे नीट पाहिले तर ध्यानात येईल की, पत्रे उडालेल्या घराला मिळणारी मदत नव्या पत्र्यांनाही पुरी पडत नाही. भरपाई हा आपला हक्क आहे, तो सोडू नये. पण भरपाईच्या भरवशावर छप्पर सैल ठेवू नये. नुकसान झालेच तर पडझड उचलण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावेत, तलाठी व ग्रामसेवकांना त्याच दिवशी लेखी कळवावे, पंचनाम्यात आपल्या घराची नोंद झाली का ते डोळ्यांनी वाचून पाहावे आणि मगच सही करावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

एका रविवारचे काम

शेवटी एक सूचना. हूक आणून देणे एकट्याला जड जाते, मिस्त्री एका घरासाठी यायला कुरकुरतो. पण वस्तीतील वीस घरांनी मिळून हूक, वायसर, तार एकदम आणली तर भाव कमी बसतो आणि मिस्त्री दोन दिवस मुक्कामाला येतो. आपल्या वस्त्यांत भिंत रंगवणारी, वेल्डिंग करणारी, सेंट्रिंग बांधणारी पोरे आहेतच. मुंबई-पुण्याच्या इमारती तीच बांधतात. महिला मंडळाने आणि तरुणांनी विहारात बसून यादी करावी आणि त्यात पहिले घर घ्यावे विधवा बाईचे, दुसरे म्हाताऱ्या जोडप्याचे, ज्यांच्या घरी शिडीवर चढणारे कोणी नाही त्यांचे. आपले घर शेवटी.

दिवाळीनंतरचा एखादा रविवार या कामाला ठरवून टाकावा. सकाळी हूक आवळावेत, दुपारी तारा ओढाव्यात, आणि सगळे पक्के झाले, पत्रा हाताने हलवून पाहिला आणि तो हलला नाही, की मग संध्याकाळी एकेक दगड खाली द्यावा. हूक आधी, दगड नंतर, हा क्रम मात्र चुकू नये. खाली आलेल्या दगडांनी मोरीपुढचा चिखल बुजवता येईल, नाहीतर विहारापुढे बसायला एक ओटा बांधता येईल. दगडाची जागा माणसाच्या पायाखाली आहे. ती लेकरांच्या उशाशी, डोक्यावर टांगलेली नसावी.